बकुळेच्या सासरचं पाणी

देवास
१५ फेब्रुवारी २०२४

विहीणबाई यमुनाबाई यांना दत्ताजीचा दारातूनच नमस्कार.

काल आमची बकुळा सासरी गेली. तुमच्या धारच्या नव्या चिडियाघराचा ट्रक सकाळीच टेकडीखाली आमच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. सोबत एक क्रेन. ना तोरण, ना चार सवाष्णी, ना सनई. क्रेनवाला मला विचारतो, "साहब, माल कहाँ से उठाना है?" मी त्याला शांतपणे सांगितलं की माल नाही, मुलगी आहे. वजन दीड टन आहे म्हणून काय झालं?

आपल्याला ठाऊकच आहे, हे पाणघोड्याचं पिल्लू मी इथल्या चिडियाघराचा अधीक्षक असताना जन्माला आलं. आई आठवड्यात गेली. मी आणि आमच्या कै. सौ.नं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. पुढे सौ. गेली, मी निवृत्त झालो, पण बकुळेच्या तळ्यावरची सकाळची फेरी काही सुटली नाही. अशा मुलीला नुसत्या पावतीवर सही करून धाडायचं हे मला पटेना. गुरुजींना बोलावलं. चारा देणाऱ्या जानकीबाईनं ओटी भरली. बकुळेनं नारळ खाल्ला, मग खण खाल्ला, मग सूपही खाल्लं. वरपक्षाकडचं वडीलधारं कुणी नव्हतं, म्हणून तुमच्या डॉक्टर राजवीरांच्या ओंजळीत मी मंत्रासकट उदक सोडलं. त्यांना ते सॅनिटायझर वाटलं. "थँक्यू अंकल" म्हणून त्यांनी हात चोळले. पण उदक ते उदक. कन्यादान झालं. माझ्या विद्यूच्या लग्नानं आपण व्याही होतोच, आता दुसऱ्यांदा झालो.

तुमच्या तळ्यातले जावई रणवीर यांना मी पाहिलेलं नाही. मूळचे कुठले, आईवडील कोण, एवढं तरी कळवावं. जानकीबाईला पाठराखीण म्हणून सोबत दिली आहे, तिचा मान राखावा.

चि. विद्युल्लतेला आशीर्वाद सांगा. शिवरात्रीला येतो. डबा आणि पाणी बरोबर असेलच. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. आठ वर्षं पाळला, आता मध्येच कशाला मोडू?

आपला,
दत्ताजी


धार
१० मार्च २०२४

व्याहीबुवा,

तुमचा नमस्कार दारातून उचलून आत आणून ठेवला आहे. कधीतरी माणूसही आत येईल म्हणून वाट पाहते.

पत्रच लिहिते, कारण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. शिवाय माझा अजेय आणि तुमची विद्यू दोघंही हिंदी शाळेत शिकलेले. मराठी बोलतात झकास, पण मराठी पत्र हाती दिलं की दुसऱ्या ओळीला जांभई. तेव्हा आपला कागद घरात कुठेही पडला तरी सुरक्षित.

बकुळेचा गृहप्रवेश झाला. मी चिडियाघराच्या सल्लागार समितीवर असल्यामुळे तेही माझ्याच गळ्यात पडलं. माप म्हणून कोंड्यानं भरलेली बादली ठेवली होती. तिनं ओलांडली नाही, चाटून पुसून खाल्ली. बादली तेवढी सोडली. सासरी आल्यावर जरा संकोच असतोच. रणवीर तिला पाहून पाण्यात बुडाला तो चार दिवस वर आला नाही, नुसते कान दिसायचे. तो छत्तीसगडकडून आला आहे. आईवडिलांचं कुणी विचारलं नाही. पाटीवर 'नर' लिहिलं आहे, एवढीच माहिती. तुमच्या जानकीबाईनं कागदी कपातला चहा परत पाठवला. पाठराखिणीला कपबशी लागते म्हणाली. मग घरची नेऊन दिली.

आता शिवरात्रीचं. तुम्ही आलात, ओट्यावर बसलात, पिशवीतून देवासचं पाणी काढून प्यायलात, जावयाची चौकशी केलीत आणि उन्हातच परत गेलात. विद्यूनं साबुदाण्याची खिचडी केली होती. ती तशीच राहिली. कॉलेजात शंभर पोरांना भौतिकशास्त्र शिकवणारी मुलगी, तुमची बाटली उघडली की आत निघून जाते. डोळ्यांत कचरा गेला म्हणाली.

बकुळेच्या बदल्यात तुमच्याकडे शहामृगाची जोडी निघाली आहे. नीट उतरवून घ्या.

यमुना


देवास
२ एप्रिल २०२४

विहीणबाईंना दारातूनच नमस्कार.

शहामृगं पोहोचली. मी परत पाठवली. पुन्हा आली. मुलगी द्यायची आणि वर पाखरं मोजून घ्यायची, याला आमच्या घराण्यात मुलगी विकणं म्हणतात. वरपक्षाकडून आम्ही सुपारीसुद्धा घेतलेली नाही. हे मी ड्रायव्हरला तासभर समजावलं. तो म्हणाला, "भिया, मेरे को तो बस खाली करना है."

दोन दिवस ट्रक फाटकाबाहेर उभा होता. माना बाहेर काढून ती दोघं येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत होती. टेकडीवर देवीच्या दर्शनाला निघालेली माणसं आधी यांना हात जोडू लागली. कुणीतरी हारही घातला. एका शहामृगानं रहदारीच्या हवालदाराचा चष्मा पळवला, तेव्हा प्रकरण वाढलं. शेवटी मी तोड काढली. त्यांना मोबदला म्हणून नव्हे, पाहुणे म्हणून आत घेतलं. पाहुण्यांना पिंजऱ्यात ठेवता येत नाही, म्हणून ती सध्या कार्यालयात राहतात. नवे अधीक्षक बाहेर खुर्ची टाकून बसतात. त्यांचा माझ्यावर राग आहे, पण पाहुणचाराला त्यांचाही नाइलाज आहे.

अक्षर जरा वाकडं आलं आहे. शहामृगाचा धक्का लागून मनगट दुखावलं. काळजीचं कारण नाही. विद्यूला सांगू नये.

दत्ताजी


धार
९ एप्रिल २०२४

व्याहीबुवा,

शहामृगावर आळ घेऊ नका. तुमच्या रखवालदार गणपतनं जानकीबाईला फोनवर सगळं सांगितलं आहे. तुम्ही न्हाणीघरात पडलात आणि सकाळची फेरी चुकली म्हणून तो घरी आला. त्यानं कडी तोडली तेव्हा तुम्ही फरशीवर होतात, आणि तशा अवस्थेत तुम्ही त्याला बकुळेच्या तळ्याचं पाणी बदललं का असं विचारलंत. बकुळा इथे येऊन तेव्हा दीड महिना झाला होता.

इथे वरच्या मजल्यावरची खोली रिकामी आहे. पूर्वेला खिडकी आहे. विद्यूनं न्हाणीघराच्या भिंतीला धरायला दांडा बसवून घेतला, कुणासाठी ते सांगितलं नाही. मी विचारलं नाही. तुम्ही या. राहायलाच या.

यमुना


देवास
५ मे २०२४

विहीणबाईंना दारातूनच नमस्कार.

आपुलकी पोहोचली, पण ते शक्य नाही. ज्या घरचं पाणी चालत नाही, त्या घरी राहायचं कसं? पिण्याचं बाटलीतून आणता येईल. आंघोळीचं चालतं की नाही, यावर इथल्या दोन गुरुजींमध्ये दुमत आहे. एक म्हणतात अंगाबाहेरचं चालतं. दुसरे म्हणतात चूळ भरताना घोट गेला तर काय? मला दुसऱ्यांचं पटतं.

शिवाय इथे माझी गरज आहे. संकट आलं आहे. वरून कागद आला की टेकडीखालची आमची जागा वाहनतळाला हवी आहे, आणि सगळं चिडियाघर उचलून धारजवळ तिरल्याला, तुमच्या चिडियाघरात सामील करायचं. वाचून माझ्या तोंडचं पाणी पळालं. अहो, बकुळा तिथे दिलेली आहे. तिचं माहेर उठून तिच्या सासरी राहायला जाणार? तिथली वैरण खाणार, तिथलं पाणी पिणार? मी चार पानी हरकत दाखल केली. वधूपक्षाचे प्राणी मुलीच्या घरचं पाणी घेऊ शकत नाहीत, सबब स्थलांतर रद्द व्हावं. बाबूनं ती वाचली आणि उभा राहिला. म्हणाला, "ये तो धार्मिक भावना का मामला है, इसको फेंक भी नहीं सकते."

या सगळ्यामागे कुणाचं डोकं आहे, ते काही कळलं नाही. कळलं तर बघून घेईन.

दत्ताजी


धार
१८ जुलै २०२४

व्याहीबुवा,

तुमच्या हरकतीनं कमाल केली. आमच्या समितीच्या तीन बैठका फक्त बकुळेचं माहेर म्हणजे नेमकं कोण, यावर झाल्या. चौकशीला जे साहेब तुमच्याकडे आले होते त्यांचा निष्कर्ष वाचून दाखवला गेला. चिराग अस्वलाचा पिंजरा तळ्याला लागून, त्यानं तिला लहानाची मोठी होताना पाहिलं, म्हणून तो मामा. त्यापुढे कंसात 'माना हुआ'. गुड्डी तरस रात्री तिच्यासाठी ओरडायची, म्हणून आत्या. माकडांचं नातं ठरेना, त्यांना नुसतं 'गाववाले' म्हटलं आहे. शहामृगं मुळात आमची, ती कुठेही पाणी पिऊ शकतात. आणि शेवटी हुकूम असा: स्थलांतर होईल, मात्र वधूपक्षाच्या पाण्याची व्यवस्था त्यांच्या परंपरेनुसार करावी. सगळ्यांनी सह्या केल्या. हसलं कुणीच नाही. मी पदर तोंडाला लावून बसले होते.

आता खरी गंमत ऐका. या महिन्याच्या सुरुवातीला चिराग आणि गुड्डी तिरल्याला आली. नवीन हौद, ताजं पाणी. चिरागनं हुंगलं आणि पाठ फिरवली. गुड्डीनं हौदात पाय बुडवला आणि बाहेर येऊन झटकला. डॉक्टर राजवीर म्हणाले जागा बदलली की असं होतं, प्यायला लागतील. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत थेंब नाही. जानकीबाई गज धरून उभी, "मामा माणसासारखा वागतोय बघा" म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. शेवटी देवासहून टँकर मागवला. चिराग तोंड काढेना हौदातून.

तेव्हापासून रोज सकाळी देवासचा टँकर तिरल्याला येतो. तुमच्या देवासला नर्मदेचं पाणी पुरवतात, आणि नर्मदा आमच्याच जिल्ह्यातून वाहते. म्हणजे तेच पाणी दोनदा फिरून येतं. पण हे कुणाला बोलायची सोय नाही.

तुमचं कसं चाललं आहे? तिथे आता उरलं कोण?

यमुना


देवास
३० ऑगस्ट २०२४

विहीणबाईंना दारातूनच नमस्कार.

चिरागचं वाचून ऊर भरून आला. जनावराला कळतं ते माणसाला कळत नाही. टँकर मी स्वतः नळाखाली उभा करून भरून घेतो आणि नारळ वाढवून रवाना करतो.

इथे आता मी, गणपत आणि शहामृगं. सकाळची फेरी सुरू आहे. रिकाम्या पिंजऱ्यांपुढे थोडं थोडं थांबतो. सवय आहे.

पण खरी बातमी तुम्ही दडवलीत. जानकीबाईनं कळवलं की बकुळेचं पोट दिसू लागलं आहे, ती चिडचिड करते, भेंडीला तोंड लावत नाही आणि कोबी मागते. डॉक्टरही म्हणाले की तसं असू शकतं. डोहाळे! मी आठवडाभर झोपलो नाही. अहो, उदक माझ्या हातचं, म्हणजे बाप मी, म्हणजे होणारं पिल्लू माझं नातवंड. धारमध्ये माझ्या मुलीच्या पोटी लेकरू आलं की धारचं पाणी मला मोकळं. गुरुजींना विचारलं, मुलगी कुठली ते शास्त्रात स्पष्ट लिहिलेलं नाही म्हणाले. मग मी विद्यूच्या घरी येईन, बाटली न घेता. तिच्या हातचा चहा घेईन. तिला हे अवश्य सांगा, खूश होईल.

डोहाळजेवण थाटात करा.

दत्ताजी


धार
२८ नोव्हेंबर २०२४

व्याहीबुवा,

हे पत्र बसून वाचा.

डोहाळजेवण झालं. विद्यूनं स्वतः केलं सगळं. शेवंतीचे दागिने गुंफले, कोबीचे पन्नास गड्डे आणवले, बकुळेच्या पाठीवर हळदकुंकू लावायला शिडी लावून चढली. चिडियाघराची बायामंडळी गाणी म्हणत होती आणि ती हसत होती. किती दिवसांनी.

त्यानंतर पोट तपासायचं मशीन बाहेरून आलं. बकुळेच्या पोटात कोबी आहे. दुसरं काही नाही. आणि मशीन आलंच आहे तर रणवीरलाही बघू म्हणून डॉक्टरांनी त्याला प्रथमच पाण्याबाहेर काढलं. रणवीर मादी आहे. पाणघोड्यात हे चटकन कळत नाही म्हणतात. पाटी रंगवणारा येऊन गेला, नाव तेच ठेवायचं का विचारत होता. दोघी एकमेकींच्या पाठीवर हनुवटी टेकून उन्हात पडलेल्या असतात. त्यांचं उत्तम चाललं आहे. पिल्लू काही होणार नाही.

त्या संध्याकाळी विद्यू माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आई, म्हणजे बाबा आता पाणी नाही पिणार ना?"

एवढंच. मग उठून गेली.

दत्ताजी, आता मी उघड लिहिते. लिहायचं नव्हतं, पण माझाही जीव आहे. तुम्ही ओट्यावर बसून त्या बाटलीचं झाकण उघडता तेव्हा त्या पोरीला काय ऐकू येतं माहीत आहे? तुझी कूस रिकामी आहे. डॉक्टर झाले, औषधं झाली, आता दोघांनी ते सोडून दिलं आणि सुखानं राहतात. मी सासू आहे तिची. टोमणा मारायचा तर हक्क माझा. आठ वर्षांत एकदा मारला नाही. तुम्ही बाप असून घोटाघोटाला मारता, आणि त्याला रिवाज म्हणता.

आणखी एक. डोकं कुणाचं ते तुम्हाला शोधायचं होतं ना, माझं. जागा वाहनतळाला जाणारच होती. प्राणी इंदूरकडे पाठवायचं घाटत होतं. तिरल्याचा ठराव मी मांडला. तुम्ही न्हाणीघरात पडलात आणि नुसत्या बोलावण्यानं येणार नाही हे दिसत होतं, तेव्हा मला दुसरं काही सुचलं नाही. चिडियाघर जिथे जाईल तिथे तुम्ही याल असं वाटलं. एक म्हातारा जागचा हलेना, म्हणून अस्वल, तरस आणि सगळी माकडं हलवावी लागली. आणि ती आली, तुम्ही नाहीच आलात.

मी भाच्याच्या लग्नाला बागलीला चालले आहे, पंधरवडा तिथेच राहीन. उत्तर पाठवू नका. यायचं तर या.

यमुना


धार, आपल्याच घराचा वरचा मजला
१२ डिसेंबर २०२४

विहीणबाईंना दत्ताजीचा आतून नमस्कार.

बागलीहून परत याल तेव्हा घरात एक माणूस वाढलेलं दिसेल. दचकू नये. हे पत्र तुमच्या देवघराशी ठेवतो आहे, म्हणजे आधी वाचाल.

तुमचं पत्र वाचून दोन दिवस तुमच्यावर भयंकर रागावलो. तिसऱ्या दिवशी राग शोधायला गेलो तर सापडेना. सकाळची फेरी मारली. बकुळेच्या कोरड्या तळ्यात शहामृग उभं होतं. गणपत म्हणाला, "साहेब, यांना तरी घेऊन जा." टँकर भरून निघत होता. मी ड्रायव्हरशेजारी बसलो. पिशवी घेतली, बाटली घेतली नाही. ती कार्यालयाच्या टेबलावर राहू दिली आहे. शहामृगं मागून येतील, ती मुळात इथलीच.

तिरल्याला पोहोचलो तेव्हा बकुळा काठावर होती. मला पाहून तिनं एवढं मोठं तोंड उघडलं, जसं लहानपणी दुधाला उघडायची. शेजारी रणवीर. स्थळ चांगलं आहे, विहीणबाई. माझी काही तक्रार नाही.

जानकीबाईनं कळवलं असावं, कारण विद्यू कॉलेज सोडून धावतच आली. ऊन होतं, मला घाम फुटला होता. मी म्हणालो, तहान लागली आहे. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "टँकरमधून काढून देऊ, बाबा?"

मी म्हणालो, "तुझ्या घरचं दे."

तिच्या पर्समध्ये कॉलेजला न्यायची लहान बाटली होती, अर्धी भरलेली. तिनं ती पुढे केली, तेव्हा मी बाटली आणि हात दोन्ही धरले. संपवली. गुरुजींना विचारलं नाही, पिल्लू-नातवंड कुणाचा आधार घेतला नाही. मुलीच्या घरचं पाणी प्यायला मुलगी असली की पुरे, हे मला या वयात एका पाणघोड्यामुळे कळलं याची लाज वाटते, पण कळलं. ती रडली. मीही रडलो. चिराग गजांशी उभा राहून आमच्याकडे पाहत होता. मग सावकाश गेला आणि तिरल्याचं पाणी भरलेल्या हौदात तोंड घातलं. डॉक्टर राजवीर म्हणतात की टँकर उशिरा आला म्हणून तो तहानलेला होता. म्हणोत. टँकर उद्यापासून बंद करायला सांगितलं आहे.

खोली छान आहे. दांडा मजबूत आहे, दोनदा धरून पाहिला. तुमच्याकडचं पाणी देवासपेक्षा जरा जड वाटतं, सवयीनं होईल. रात्री उशाशी पाण्याचा एक तांब्या भरून ठेव, असं विद्यूला म्हणालो होतो. तिनं दोन ठेवले आहेत.

दत्ताजी